आभासी मुलांना सराफ्यात नेलं : आपोआप चालणाऱ्या इन्सुलिन पंपाची कॉम्प्युटरवर परीक्षा

टिळकनगरी (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या लेकीला टाइप-१ मधुमेह आहे, म्हणजे अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. नवव्या वर्षी कळलं, आता तेरावं चालू आहे. दिवसाला चार इंजेक्शनं, दंडावर सेन्सर, फोनवर सारखा हलणारा आकडा. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्या नाही त्यांना एवढंच सांगतो की गेल्या चार वर्षांत सलग सहा तास झोपल्याचं मला किंवा बायकोला आठवत नाही.

सध्या घरात विषय निघालाय तो आपोआप चालणाऱ्या पंपाचा. सेन्सर साखर सांगतो, पंपातला प्रोग्राम हिशेब करतो आणि इन्सुलिन कमी-जास्त सोडतो. जेवणात कर्बोदकं किती ते मात्र आपणच सांगायचं, म्हणून त्याला ‘हायब्रिड’ म्हणतात. किंमत लाखांत, वर दर महिन्याचं सामान वेगळं. डेमो बघून घरी आलो तर बायकोने एकच प्रश्न विचारला, “हे आधी कोणावर करून बघितलं?” मी म्हटलं, बघतो. तो ‘बघतो’ दोन महिने चाललाय.

जे हाती लागलं ते असं. पूर्वी असा प्रोग्राम माणसाला लावण्याआधी जनावरांवर तपासावा लागे, त्यात वर्षं जात. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रं मंजूर करणारं सरकारी खातं) एक सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरची आभासी माणसं, जनावरांवरच्या चाचणीऐवजी चालेल असं मान्य केलं. अमेरिकेतलं व्हर्जिनिया विद्यापीठ आणि इटलीतलं पादुआ विद्यापीठ यांनी मिळून तो केला. व्हर्जिनियाचे बोरिस कोवाचेव्ह, पादुआचे क्लाउदिओ कोबेली आणि कियारा दाल्ला मान ही त्यातली ठळक नावं. सिम्युलेटरमध्ये ३०० माणसं राहतात : १०० मोठी, १०० किशोरवयीन, १०० मुलं. प्रत्येक जण म्हणजे समीकरणांचं एक गाठोडं. वजन किती, पोट किती वेगाने रिकामं होतं, यकृत स्वतःची साखर किती सोडतं, इन्सुलिन कितपत लागू पडतं. हे आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत. जेवणानंतर साखरेचं काय होतं हा भाग मधुमेह नसलेल्या २०४ लोकांवरून बसवलाय. त्यांच्या ग्लुकोजला खुणा लावल्या होत्या, त्यामुळे रक्तात आलेली साखर जेवणातली किती आणि यकृताची किती हे वेगळं मोजता आलं. वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

याची एक छोटी, फुकट मिळणारी आवृत्ती आहे. नाव सिमग्लुकोज, पायथनमध्ये लिहिलेली. त्यात ३० जण आहेत, तिन्ही गटांतले दहा-दहा. मी पोटापाण्याला सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हात शिवशिवले.

दहा किशोरांना इंदूरला आणलं. सकाळी आठला पोहे-जिलबी. दहाला डब्यात पोळी-भाजी. दोनला वरण-भात. संध्याकाळी छप्पन दुकानला एक चक्कर. आणि शनिवार असल्यामुळे रात्री साडेदहाला सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, तिथे भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी आणि वर मालपुवा. खरी मुलं नाहीत ना, मग खाऊ दे की! नियंत्रणाचा प्रोग्राम मीच लिहिला, दोन संध्याकाळीत. जेवणाचा डोस कर्बोदकांच्या हिशेबाने आणि बाकी वेळ साखर जेवढी वर तेवढं इन्सुलिन जास्त, अशी पीआयडी नावाची साधी, जुनी पद्धत.

पहिल्या फेरीत वाताहत झाली. पोह्यांनंतर सगळी २५० च्या वर (साखर ७० ते १८० मध्ये हवी), आणि सराफ्याहून परतल्यावर पहाटेच्या सुमारास काही जण ७० च्या खाली, एक तर ५० च्याही खाली. ते पोर पडद्यावरचं आहे हे माहीत असून मी उठून लेकीच्या खोलीत डोकावून आलो.

मग आठवडाभर आकडे पिरगाळत बसलो. आज रात्री दहाच्या दहा जण जवळजवळ पूर्ण दिवस ७० ते १८० च्या पट्ट्यात आहेत. आलेख सोबत जोडलाय.

हे मी लेकीला लावणार नाहीये, आधीच सांगतो. प्रश्न दोन आहेत. मी आठवड्यात दहाही पास करू शकलो, तर लाखांच्या पंपात असं वेगळं काय असतं? आणि कॉम्प्युटरवर पास झालेल्या मशीनच्या भरवशावर रात्री झोपायचं का?

---

पोहेबाज | सोमवार, सकाळी ७:०५

धागा डोक्यावरून गेला पण आभासी मुलांना पोहे-जिलबी दिल्याबद्दल सलाम. जिरावन टाकलं होतं का भिया?

---

टिळकनगरी | सोमवार, सकाळी ७:३०

प्रोग्रामला फक्त कर्बोदकांचे ग्रॅम कळतात हो. शेव, जिरावन, लिंबू, सगळं त्याला सारखंच.

---

निवृत्त_नियंत्रक | सोमवार, दुपारी १:१५

टिळकनगरी, इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तीस वर्षं कंट्रोल सिस्टिम्स शिकवलं. त्यामुळे हा प्रतिसाद तोंडी परीक्षेसारखा वाटला तर राग मानू नका.

तुमचा आलेख बघितला. देखणा आहे, आणि म्हणूनच शंका येते. तुम्ही आठवडाभर काय केलंत? त्याच दहा मुलांवर चालवलं, आकडे बदलले, पुन्हा त्याच दहांवर चालवलं. म्हणजे विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका दिलीत, रोज तीच सोडवून घेतलीत आणि शेवटी त्याच पेपरात शंभर मार्क पाडलेत. ही घोकंपट्टी झाली. दहापैकी पाचच समोर ठेवून आकडे बसवा. उरलेली पाच कपाटात, शेवटच्या दिवसापर्यंत उघडायची नाहीत.

आता पहिल्या फेरीत वाताहत का झाली ते बघू. आमटीत मीठ टाकता येतं, काढता येत नाही, हे घरोघरी माहीत आहे. इन्सुलिनचं तसंच. साखर खाली आणायला ते आहे, पण वर न्यायला पंपाकडे काहीच नाही. जास्तीत जास्त तो पुढचं सोडणं बंद करेल. त्यात ही आमटी अशी की टाकलेलं मीठ विरघळायला तास लागतो. जलद म्हणवणारं इन्सुलिन त्वचेखाली टोचल्यावर पंधराएक मिनिटांनी कामाला लागतं, ऐन भरात यायला तासाहून जास्त लागतो आणि चार-पाच तास रेंगाळतं. सेन्सरही थेट रक्तातली साखर मोजत नाही. तो पेशींमधल्या द्रवातली मोजतो, ती रक्तामागून काही मिनिटांनी धावत येते. जिलबी मात्र कोणाची वाट बघत नाही.

म्हणजे तुमचा स्वयंपाकी दहा मिनिटांपूर्वीची चव घेऊन तासाभराने लागू पडणारं मीठ घालतोय. आमटी अजून अळणीच लागते म्हणून पुन्हा चिमूट, पुन्हा चिमूट. पीआयडीमधला ‘आय’, म्हणजे साठत जाणारी चूक, नेमकं हेच करतो. सराफ्यानंतर साखर दोन तास वर होती, तेवढा वेळ त्याने रागाची बेरीज केली आणि ती सगळी पहाटे वसूल केली. आमच्यात याला वाइंडअप म्हणतात. म्हणून चांगला प्रोग्राम आधी अंगात शिल्लक असलेलं इन्सुलिन वजा करतो, मग नवीन देतो. दुसरी पद्धत मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोलची. तीत प्रोग्राम पुढच्या काही तासांचं भाकीत करून पाऊल टाकतो आणि पाच मिनिटांनी ते भाकीत पुसून नवं करतो. बुद्धिबळासारखं.

जुनी गंमत सांगतो. १९७० च्या दशकात बायोस्टेटर नावाचं यंत्र होतं, खाटेशेजारी ठेवायचं धूड. ते शिरेतून रक्त ओढून साखर मोजायचं आणि इन्सुलिनबरोबर गरज पडली तर ग्लुकोजही शिरेतच सोडायचं. त्याला मीठ काढायची सोय होती! फक्त ते दप्तरात घालून शाळेत नेता येत नव्हतं.

आणि एक. तुमच्या सिम्युलेटरमधली मुलं फार सज्जन आहेत. ६० ग्रॅम खाल्ले की ६० च सांगतात. पोटात जाणारा आकडा आणि प्रोग्रामला कळणारा आकडा वेगळे करा. पोटात ९० जाऊ द्या, प्रोग्रामला ६० सांगा. उलटंही करा. मग आलेख लावा.

---

टिळकनगरी | सोमवार, दुपारी २:००

सर, काल रात्री फार खूश होतो. आता नाही. करतो.

---

साखरझोप | सोमवार, रात्री ९:५०

मी मूळची ग्वाल्हेरची, लग्नानंतर इंदूरला. टाइप-१ ला बावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची तीन पंपावर. सरांचं सगळं मान्य, पण ते इंजिनिअरच्या बाजूने झालं. आता समीकरणात राहणाऱ्या बाईच्या बाजूने ऐका.

पहिली गोष्ट दाल-बाफल्याची. बाफला म्हणजे कणकेचा गोळा उकडून, भाजून, तुपात बुडवलेला. तुमच्या प्रोग्रामला कर्बोदकांचा रकाना आहे, तुपाला रकानाच नाही. तुपाने पोट सावकाश रिकामं होतं. जेवल्यावर दोन तास आकडा इतका शहाण्यासारखा वागतो की वाटतं आज जमलं, आणि मग चौथ्या-पाचव्या तासाला चढायला लागतो तो उतरतच नाही. जेवणाआधी पूर्ण डोस एकदम घेतला तर आधी हायपो (साखर धोक्याइतकी खाली) आणि नंतर २५०, दोन्ही एकाच बाफल्यात. मी डोस तुकड्यांत देते, थोडा आधी, उरलेला दोन-तीन तासांत पसरून. हे शिकायला मला किती रविवार लागले ते विचारू नका.

दुसरी, झोपेची. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की तो दाबला जातो आणि खोटा आकडा दाखवतो, खूप खालचा. पंपाला वाटतं बाई बुडाली, तो इन्सुलिन बंद करतो. मी कूस बदलते, आकडा जागेवर येतो, पण तेवढ्या वेळाचं इन्सुलिन गेलेलंच असतं. सकाळी २०० च्या वर जाग. तुमच्या आभासी पोरांना कूस असते का?

तिसरी सगळ्यात वाईट. पोटावरची बारीक नळी मुडपते. पंप म्हणतो दिलं, अंगात काहीच पोचत नाही. इंजेक्शनवाल्यांच्या अंगात चोवीस तासवालं लांब इन्सुलिन तरी असतं. पंपात फक्त जलद असतं, त्यामुळे नळी बंद पडली की काही तासांत रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं वाढायला लागतात. एकदा लग्नात नाचताना माझं असंच झालं होतं. आकडा वर-वर जातोय, मी आणखी डोस देतेय, पंप प्रामाणिकपणे ‘दिलं’ म्हणतोय. शेवटी नणंदेने ओढत बाजूला नेलं आणि पेनने इंजेक्शन दिलं. तेव्हापासून पर्समध्ये पेन असतंच.

तरीही पंप परत देशील का म्हणाल, तर नाही. रात्री झोप लागते आता. आयडी जुना आहे, बदलायला हवा.

---

रामबागेतली | सोमवार, रात्री १०:२०

साखरझोपताई, वाचून अंगावर काटा आला. माझ्या सासूबाईंची काचेची सिरिंज आणि जाड सुई होती. रोज सकाळी पातेल्यात उकळायची, चहाच्या आधी. साखर बघायची म्हणजे लघवीत निळं द्रावण घालून तापवायचं आणि रंग बघायचा : निळा, हिरवा, पिवळा, विटकरी. तो रंगही काही तासांपूर्वीची गोष्ट सांगायचा. आज कॉम्प्युटरमधली मुलं सराफ्यात जातात म्हणे. चालू द्या, वाचतेय.

---

वॉर्डातला | मंगळवार, पहाटे ५:४५

रात्रपाळी संपवून लिहितोय, त्रोटक चालवून घ्या. लहान मुलांचा डॉक्टर आहे. इथे कोणाला डोस सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांशीच बोला.

टिळकनगरींच्या बायकोचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, त्याचं थेट उत्तर देतो. सिम्युलेटरमध्ये पास झालं म्हणून कोणी पंप विकायला काढत नाही. ते फक्त दार आहे. त्यातून आत गेल्यावर हॉस्पिटलमध्ये नजरेखाली माणसांवर, मग घरी. पहिल्या हायब्रिड पंपाला, मेडट्रॉनिकच्या ६७०जी ला, सप्टेंबर २०१६ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली. त्याआधी १२४ जणांनी तो तीन महिने आपल्या घरी, आपल्या सवयींसकट वापरला होता. सिम्युलेटरने वेळ वाचवला तो माणसांपर्यंत येण्याच्या आधीचा. जो प्रोग्राम आभासी माणसांनाच रात्री पाडतो, तो खऱ्या माणसापर्यंत पोचू नये. गाळणी आहे ती. गाळणीतून पडलेला चहा चांगला असेलच असं नाही, पण चोथा वर राहतो.

तेराव्या वर्षाबद्दल एक. वयात येताना अंगातली संप्रेरकं इन्सुलिनला दाद देत नाहीत आणि पहाटे साखर आपसूक चढते. या पोरींचा मार्चमधला डोस जूनमध्ये पुरत नाही. तुमच्या दहा किशोरांपैकी कोणी वयात येत नाही, कोणाची पाळी येत नाही, कोणाला ताप येत नाही. ते त्या एका दिवशी गोठलेले आहेत.

आणि बघायचं काय तर सरासरी नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर जे ठरलं ते साधारण असं : दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ ७० ते १८० मध्ये, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी. ४ टक्के म्हणजे दिवसातला जेमतेम एक तास. वर जाण्याचे परिणाम वर्षांनी दिसतात, खाली जाण्याचे त्याच रात्री. म्हणून दोन्हींना एका मापाने मोजू नका.

---

शून्य_एक | मंगळवार, सकाळी ११:१०

डॉक्टरसाहेबांचा आदर राखून, पण मला हा सगळा सूर ‘थांबा आणि वाट बघा’ असा वाटतो. अमेरिकेत डेना लुइस या बाईचा सेन्सरचा अलार्म इतका हळू होता की रात्री जागच यायची नाही. तिने आणि स्कॉट लीब्रँडने २०१३ मध्ये आधी मोठा अलार्म केला, त्याला भाकीत जोडलं, मग पंपच जोडला. फेब्रुवारी २०१५ मध्ये सगळं ‘ओपनएपीएस’ म्हणून जगासाठी खुलं केलं. कंपन्यांचा हायब्रिड बाजारात यायच्या आधी लोक घरी हे चालवत होते. त्यांचं घोषवाक्यच होतं, आम्ही वाट बघत नाही. टिळकनगरी, तुम्हाला कोड येतो, पोरगी समोर आहे, मग नुसतं सिम्युलेटर-सिम्युलेटर काय खेळताय?

---

वॉर्डातला | मंगळवार, दुपारी ४:३०

कारण पोरगी समोर आहे म्हणूनच.

---

निवृत्त_नियंत्रक | मंगळवार, संध्याकाळी ६:००

शून्य_एक, ओपनएपीएसचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, पण त्यातला धाडसाचा भागच उचललात. त्यांनी लिहून ठेवलेली रचना वाचा. त्यांचा प्रोग्राम पंपाला कायमचा हुकूम देत नाही. ‘पुढची तीस मिनिटं बेसल (दिवसभर थेंबथेंब सुटणारं इन्सुलिन) एवढं कर’ इतकंच सांगतो. मधे फोन मेला, बॅटरी गेली, रेडिओ तुटला, तर अर्ध्या तासात हुकूमाची मुदत संपते आणि पंप डॉक्टरने बसवलेल्या मूळ वेगावर परत येतो. म्हणजे आपण बिघडणार हे गृहीत धरून त्यांनी आधी बिघडण्याची सोय केली, हुशारी नंतर. शिवाय पहिला प्रयोग डेना लुइसने स्वतःवर केला. तेरा वर्षांच्या मुलीने असा होकार देणं आणि बापाने तिच्या वतीने देणं यात फरक आहे.

तुमच्या बाजूचंही एक सांगतो. घरी चालणारे हे प्रकल्प शेवटी सरकारदरबारीही पोचले. ‘लूप’ नावाच्या तशाच एका प्रोग्रामची टाइडपूल या संस्थेने केलेली आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये एफडीएने मंजूर केली. तेव्हा लोक वेडे नव्हते. पण तपासत तपासत पुढे गेले, हेही तितकंच खरं.

टिळकनगरींसाठी : डॉक्टर म्हणतात ते गोठलेपण सिम्युलेटरवाल्यांनाही ठाऊक होतं. २०१४ मध्ये छापून आलेल्या सुधारणेत साखर खाली गेल्यावर शरीर कसं वागतं आणि ग्लुकागॉन (साखर वर नेणारं संप्रेरक) काय करतं हे घातलं. २०१८ मध्ये सिम्युलेटर एका जेवणावरून पूर्ण दिवसावर गेला. इन्सुलिनचा असर सकाळ-दुपार-रात्र बदलतो हे आलं, पहाटेची चढ आली. तुमची फुकट आवृत्ती २००८ च्या मॉडेलवर आहे, म्हणजे तिच्यातली पहाट फार शांत आहे.

---

शून्य_एक | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मुदत संपणाऱ्या हुकूमाचं माहीत नव्हतं. ‘खेळताय’ शब्द मागे.

---

पोहेबाज | मंगळवार, रात्री ८:१५

अवांतर : बायको म्हणते उपासाला साबुदाणा हलका. मधुमेहवाल्यांना चालतो का?

---

साखरझोप | मंगळवार, रात्री ८:४०

हलका? कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात आणि बाकी जवळजवळ काही नाही. उपासाच्या दिवशी माझं इन्सुलिन जास्त जातं. देवाला माहीत आहे, पंपालाही माहीत आहे, फक्त सासरी माहीत नाही.

---

टिळकनगरी | शनिवार, रात्री ११:५५

सरांनी सांगितलेलं सगळं केलं. हे निकालपत्र.

पाच मुलं कपाटात ठेवून पाचांवर आकडे बसवले. कपाट उघडलं तर त्यातली दोन पहिल्याच रात्री ७० च्या खाली. अंगात शिल्लक असलेलं इन्सुलिन वजा करायला लावल्यावर ती सावरली, पण पोह्यांनंतरचा डोंगर उंच झाला. एक धरावं तर दुसरं सुटतं. सरासरी सोडून दिली आणि प्रत्येक मुलाचा एक ठिपका काढला, आडवा अक्ष किती खाली गेलं त्याचा, उभा किती वर गेलं त्याचा. सिमग्लुकोज हा तक्ता स्वतःच काढून देतो, मी आधी तो उघडलाच नव्हता. बाकीच्यांचे ठिपके एका कोपऱ्यात गर्दी करून आणि एक एकटाच लांब. सरासरीत तो एकटा दिसतच नव्हता.

मग खोटं बोलणारी मुलं केली. खाल्लं एक, सांगितलं एक. कमी सांगितलं की साखर वर जाते, पण प्रोग्राम कसाबसा सावरून घेतो. जास्त सांगितलं, म्हणजे डोस घेतला आणि अर्धी प्लेट टाकून दिली, की काहीच करता येत नाही. मीठ पडलेलं असतं. लेक लहान असताना सगळ्यात जास्त भीती हीच वाटायची हे तेव्हा आठवलं. डोस देऊन बसायचो आणि ती म्हणायची, पोट भरलं.

साखरझोपताईंची कूसही घातली. पहाटे तीनला वीस मिनिटं सेन्सरचा आकडा खोटाच खाली पाडला. माझ्या प्रोग्रामने लगेच इन्सुलिन बंद केलं आणि सकाळी सगळी वर. मुडपलेली नळी घालून बघितली तेव्हा तो तासन्‌तास ‘दिलं, दिलं’ म्हणत राहिला. नळीत अडथळा असेल ही शक्यता त्याला मी शिकवलीच नव्हती. दहाही पास म्हणून मिरवणारा तो हाच.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. लाखांच्या पंपातलं गणित माझ्यापेक्षा फार वेगळं नसेलही. वेगळं आहे ते या नापास दिवसांचं दप्तर. आता डेमोवाल्यांकडे परत जाताना प्रश्न घेऊन जाणार : सेन्सर दाबला गेला तर तुमचा पंप काय करतो, नळी मुडपली तर किती वेळाने ओरडतो, सेन्सरशी संपर्क तुटला तर कशावर परत येतो. सुंदर आलेख नको, हे सांगा.

वाचताना आणखी एक दिसलं. मे २०२३ मध्ये एफडीएने ‘आयलेट’ नावाचा पंप मंजूर केला. ज्या एड डॅमियानोंनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं त्यांच्या मुलाला टाइप-१ आहे. त्यात कर्बोदकांचे ग्रॅम सांगायचेच नाहीत. सुरुवातीला वजन सांगायचं आणि जेवताना फक्त ‘नेहमीएवढं’, ‘कमी’ किंवा ‘जास्त’. सराफ्यात उभं राहून मालपुव्याचे ग्रॅम मोजणाऱ्या कोणालाही हे पटेल. पण ‘नेहमीएवढं’ म्हणजे कोणाचं नेहमीएवढं, हे पुन्हा घरोघरी वेगळंच.

---

रामबागेतली | रविवार, सकाळी ८:१०

बायको काय म्हणाली ते राहिलंच.

---

टिळकनगरी | रविवार, सकाळी ९:३०

काकू, तिला १२४ माणसांचं सांगितलं. म्हणाली, “बरं. म्हणजे पोरांच्या आधी माणसांवर झालं.” मग म्हणाली, त्यात बाफले खाणारं कोणी होतं का? पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे तिघं मिळून जातोय.

पण खरी गंमत काल झाली. लेक मागे उभी राहून पडदा बघत होती. तिने विचारलं, “बाबा, यांच्यातलं कोणी आईला न सांगता काही खातं का?” मी म्हटलं, नाही, पण मी त्यांना खोटं सांगायला लावतो, जेवढं खाल्लं त्याच्या दीडपट-दुप्पट. ती म्हणाली, “असं नसतं ते. दीडपट नसतं. कधीकधीच असतं, पण ठरलेल्या दिवशी असतं.”

थोडा वेळ गप्प होती. मग वहीचं पान फाडून यादी करून दिली. वार, वेळ, पदार्थ. म्हणाली, हे घाल त्यात, मग खरं कळेल. आणि आईला दाखवायचं नाही.

घातलं. तिच्या सेन्सरचा दर मंगळवारी दुपारी जो उंचवटा येतो, ज्यावरून आम्ही सहा महिने डोस बदलत होतो, तो माझ्या पडद्यावर त्याच वेळी हुबेहूब उमटला. डॉक्टरांकडे जाताना आईला ते स्वतःच सांगायचं असं ठरलंय.

---

पोहेबाज | रविवार, सकाळी ९:४५

कचोरी?

---

टिळकनगरी | रविवार, सकाळी ९:४७

शब्द दिलाय हो.